आत्तीचा मुलगा आणि दुहेरी रेघ

कसबा बावड्यात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत मी बीएस्सीच्या मुलांना प्राणिशास्त्र शिकवते. साखर कारखाना चालू असला की मळीचा वास थेट वर्गात येतो, त्यामुळं उत्क्रांतीसारखा गंभीर विषय मुलं नाक दाबून शिकतात. माणूस माकडापासून आला का, असं विचारणारा एकजण दरवर्षी असतोच. मी सांगते, माकड आणि आपण लांबचे चुलतभाऊ, आणि चुलतभावांचं का जमत नाही हे तुम्हाला मी शिकवायला नको.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, कोल्हापूरचीच, आणि तिच्या आत्तीचा मुलगा, मुरगूडहून एसटीनं येणारा. आत्ती म्हणजे आत्या. ही दोघं खोलीच्या दोन टोकांना बसायची. मुलगी पाळण्यात असतानाच त्यांचं लग्न ठरलंय, ही माहिती मला बाकीच्या मुलांनी आनंदानं पुरवली.

आनुवंशिकीत घराण्याचा आलेख काढावा लागतो. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, लग्न झालेलं असेल तर मधे रेघ. नात्यातलं लग्न असेल तर दुहेरी रेघ. मी त्या मुलाला फळ्यावर आपल्या घरचा आलेख काढायला लावलं. आजोबा-आजी दुहेरी, आई-वडील दुहेरी. मग त्यानं स्वतःचा चौकोन काढला, जरा घुटमळला, शेजारी एक गोल काढला आणि मधे तुटक दुहेरी रेघ ओढली. वर्ग खिदळला. मुलगी उठली, डस्टर घेऊन तेवढा गोल पुसून जागेवर जाऊन बसली. मुलाचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं, पण त्याला सुटल्यासारखं झालेलं दिसलं.

तास संपल्यावर दोघं थांबली, पहिल्यांदाच एकमेकांशेजारी. दिवाळीत साखरपुडा ठरत होता आणि तो दोघांनाही नको होता. नात्यातल्या लग्नात मुलं आजारी निपजतात, असं मी त्यांच्या घरी सांगावं अशी त्यांची विनंती होती. मी म्हटलं, सांगीन, पण खरं तेवढंच. धोका थोडा वाढतो, आणि घराण्यात तसा आजार नसेल तर बहुतेक मुलं धडधाकट होतात.

मुलगी म्हणाली, “मॅडम, ते दुसरं वाक्य राहू दे की.”

मी नाही म्हटलं. शिवाय माझी एक वेगळीच अडचण होती. माझं लग्नही माझ्या आत्तीच्या मुलाशी झालंय. आतल्या खोलीत मटार सोलत बसलेली माझी सासू म्हणजे माझ्या वडिलांची सख्खी बहीण. आमचे दोन्ही मुलगे ठणठणीत आहेत, धाकटा तर गरजेपेक्षा जास्तच.

पोरांनी घरी सांगायचं ते माझ्या नावावर सांगून टाकलंच. त्या रविवारी मुरगूडची आत्ती आमच्या दारात. चपला काढायच्या आधीच तिनं विचारलं, “आमचं रक्त नासकं हाय म्हणून शिकवतासा व्हय पोरास्नी?”

मी तिला बसवून दोन्ही वाक्यं सांगितली. तिनं दुसरं उचललं. मग माझं लग्न कुणाशी झालंय ते विचारलं. येण्याआधीच तिनं चौकशी केली असणार, कारण माझं उत्तर ऐकून ती कुस्ती मारल्यासारखी मागं टेकली. तुमचं काय वाकडं झालं, म्हणाली. मी म्हटलं, काही नाही झालं, फक्त मला कुणी विचारलं नव्हतं. या दोघांना विचारलंत तर ती नको म्हणतायत. त्यावर ती म्हणाली, पोरं कारल्यालाही नको म्हणतात.

एवढ्यात सासूबाई चहा घेऊन आल्या. आता एकीच्या दोघी झाल्या, असं मनात म्हणून मी सावरून बसले. सासूबाईंनी मुरगूडच्या पाऊसपाण्याची चौकशी केली, बशीत चहा ओतला आणि म्हणाल्या, “भाची सून करू नगा. मी करून बसलोय, ही बगा. हिला कवा मनासारखं बोलायला मला मिळालं न्हाय. एक शब्द बोलला की तिकडं भाऊ तोंड पाडून बसतोय.”

पाहुणीनं कप खाली ठेवला. मग हळूच विचारलं, भाऊबीजेला येतोय न्हवं भाऊ?

“येतोय. लेकीला भेटायला.”

हसावं की रडावं, मला कळेना. या लग्नात गप्प मीच बसले, असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. सासूबाईंचा सख्खा भाऊ माझा बाप होऊन बसलाय, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी भाजीतल्या मिठावरून आम्ही दोघी चांगल्या तावातावानं भांडलो. नवरा गॅलरीत जाऊन उभा राहिला.

साखरपुडा टळला. पाहुण्यारावळ्यांत कारण सांगितलं गेलं की रक्तगट जुळला नाही. असलं काही मी शिकवलेलं नाही, पण दुरुस्त करायलाही गेले नाही. मुलगी आता एमएस्सी करतेय. मुलगा आनुवंशिकीच्या पेपरात काठावर सुटला, घरच्या दुधाच्या धंद्यात पडला आणि त्यानं चंदगडकडची मुलगी केली, लांबलांबचंसुद्धा नातं नसलेली. तिकडं आत्ती आणि सून पहाटे धारा काढतानाच सुरू होतात, म्हशी दचकतात, असं परवा मुलगीच फोनवर सांगत होती. आत्तीची तब्येत मात्र छान सुधारलीय म्हणे.