गणपती होऊ देत

आमच्या घरात कुठलंही काम गणपतीआधी होत नाही. गळकं कौल असो, दुखरी दाढ असो, सगळ्याला एकच उत्तर: गणपती होऊ देत. मुंबईहून नवरा, दीर, जावा, मुलं येणार म्हणून महिनाभर आधीच घर डोक्यावर घेतलेलं असतं.

त्या श्रावणात सासूबाईंनी मला न्हाणीघरात हाक मारली. पदर बाजूला केला आणि माझा हात धरून डाव्या स्तनावर ठेवला. सुपारीएवढी टणक गाठ. "दुकत नाय हां," त्या म्हणाल्या. ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. न दुखणारी गाठ तर आधी दाखवायची असते, हे मला फार नंतर कळलं. तेव्हा डोक्यात माळ्यावरची भांडी आणि दळणं होती. "गणपती होऊ देत, मग जाऊ रत्नागिरीला," मी म्हटलं. म्हणजे पहिलं वाक्य माझंच.

मग ते घरभर फिरलं. गणपती गेले तर भात कापणीला आलं. कापणी आटपते तोवर दिवाळी. मी आरडाओरडा सुरू केला, तर सासूबाई मलाच म्हणायच्या, "दुकत नाय तर कशाला नाचतेस गो?" नवरा फोनवर "बघू या." चुलत सासूबाईंचं ठाम मत, "सुई टोचली का पसारते ती. हात लावू नको." कुणी कडू काढा धाडला, कुणी कुठला तरी पाला. एक डॉक्टर सोडून आमच्याकडे सगळेच डॉक्टर!

शेवटी चकल्यांचं पीठ तसंच परातीत टाकून मी त्यांना रिक्षात बसवलं. मॅमोग्राफी झाली, सुईनं गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट कॅन्सरचा आला. डॉक्टरीणबाईंनी सगळं नीट समजावलं. सुईनं काही पसरत नाही, तुकडा तपासल्याशिवाय औषध ठरत नाही. काखेतही गाठी आहेत, म्हणून आधी केमो, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. बरं होण्यासारखं आहे, पण यापुढे एकही तारीख चुकवायची नाही.

"आधी आला असतात तर कदाचित थोडक्यात भागलं असतं," त्या म्हणाल्या. "इतके दिवस घरात कुणाला सांगितलं नाहीत?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात टेबलाखाली सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबला.

"कुनालाच नाय सांगितलं," त्या म्हणाल्या. "हिला पन नाय."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना चांगलंच झापलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. आणि मी, घरभर सगळ्यांवर ओरडणारी, तिथं गप्प बसले. स्वतःवरचा तो राग अजून जात नाही.