वॉल्टरच्या मतपत्रिकेसोबत सलालाहला

मस्कतहून हजार किलोमीटर गाडी हाकत सलालाहला जायचं खूळ माझं, पण मुहूर्त लागला वॉल्टरमुळे, गाडी आळीपाळीने हाकायला तो तयार झाला. मस्कतच्या गाला भागातल्या आमच्या पंपांच्या वर्कशॉपात तो अमेरिकन इंजिनिअर आणि मी स्टोअरकीपर. २०१८चा ऑक्टोबर, सलालाहची पावसाळी गर्दी ओसरून हॉटेलं स्वस्त झालेली. बुधवारी सकाळी निघताना रत्नागिरीहून धाकट्या भावाचा, दिनूचा फोन आला. गावचं सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं होतं आणि त्याची बायको सुषमा उभी राहायचं म्हणत होती.

"दादा, सोमवारी मुदत संपते. तुझ्या होकाराशिवाय अर्ज कसा भरायचा?"

"परत आल्यावर सांगतो," म्हणालो. माझा नकार ठरलेला होता. आमच्या वाडीत आखातातून पैसे पाठवणाऱ्याचा शब्द शेवटचा असतो, आणि खोटं कशाला बोला, मला ते आवडायचं.

सीब, निझवा, आदम, मग नुसतं वाळवंट. आदमला टाकी भरून घ्या, छोट्या गाडीला दहा रियालच्या आत भागतं. आणि वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांपेक्षा रस्त्यात येणाऱ्या उंटांना जास्त भ्या.

वॉल्टर पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह. सरकार जितकं लहान तितकं बरं, असं त्याचं मत. मी टोचलं, "आणि हा सरकारी गुळगुळीत रस्ता?"

"रस्ता खुशाल बांधावा. घरात नाक खुपसू नये."

"पण तुमच्या या नोव्हेंबरातल्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष उभाच नाही. मग मतपत्रिका सोबत घेऊन फिरायचा एवढा आटापिटा कशाला?"

"तो माझ्याच पक्षाचा, म्हणून तर! अध्यक्षाच्या मुदतीच्या मध्यावरच्या निवडणुकीत खूश असलेले घरी बसतात आणि चिडलेले रांगा लावतात."

हे मात्र आपल्याकडेही तंतोतंत लागू.

दुपारी हैमाच्या मलबारी हॉटेलात पराठा, अंडाकरी, करक चहा. तिथे वॉल्टरने पोस्टाने आलेली मतपत्रिका काढली. त्याच्या राज्यात अशा मताला साक्षीदार लागतो, परदेशीही चालतो म्हणे. साक्षीदाराने कोरा कागद बघायचा, खूण करणारा माणूस बघायचा, पण खूण बघायची नाही. मी इमानदारीत पराठ्याकडे बघत बसलो. स्वतः मत देऊन मला बारा वर्षं झाली होती, म्हणून सही जरा जपूनच केली.

"एवढा लांबलचक कागद, इतक्यात खलास?"

"गावच्या जागा कोऱ्या सोडल्या. शाळा समिती वगैरे."

"का रे? हक्क आहे ना तुझा?"

"आहे. पण नऊ वर्षं मी तिथे राहत नाही. तिथली शाळा कुणी चालवायची, ते तिथे राहणाऱ्यांनी ठरवावं. नाहीतर मी कॉन्झर्व्हेटिव्ह कसला?"

त्याची निम्मी मतं मला पटत नाहीत. पण पुढचे पाचशे किलोमीटर हे वाक्य डोक्यातून जाईना. मला लाज वाटत होती.

गुरुवारी सलालाहहून पाकीट कुरियर केलं. मग रस्त्याकडेच्या टपरीवर शहाळी प्यायलो. नारळाच्या बागा बघून घरची फार आठवण आली. शुक्रवारी परतीला लागलो, हैमाला मुक्काम केला आणि शनिवारी संध्याकाळी सीबला खोलीवर पोचलो. अंग आंबलं होतं, तरी आधी फोन लावला.

"दिनू, सुषमाला दे."

ती घाबरतच आली. "काय दादा?"

"तुला उभं राहायचंय का?" पंधरा वर्षांत मी तिला थेट काही विचारायची ही पहिलीच वेळ.

"हो. नळपाणी योजना चार वर्षं कागदावरच आहे, दादा."

"मग भर अर्ज. पाणी तू भरतेस, मला कशाला विचारायचं?"

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "दादा, अर्ज मी कालच भरला. आता तेवढं यांना तुम्ही सांगाल का?"