आवाज आला का, बाई?

आमच्याकडे फोन नाही. सुमनआत्या गेल्याचा फोन समोरच्या डॉक्टरांकडे आला आणि निरोप घेऊन त्यांचा कंपाउंडर जिना चढून वर आला. बाबा अजून ऑफिसातून यायचे होते. दार मी उघडलं. "भंडाऱ्याच्या बाई गेल्या," तो म्हणाला, आणि मग जरा थांबून, मला बरं वाटावं म्हणून असेल, "लय कडक होत्या म्हणे. अशा कडक बाई आता कुठं सापडतात!" मी मान हलवली आणि दार लावलं. पुढच्या काही दिवसांत हा शब्द इतक्यांदा ऐकला, की मला त्याची शिसारी आली. स्मशानात, दहाव्याला, शोकसभेत... सगळीकडे कडक. माझ्या आत्याने कोणावर आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. मुलांवर तिने हात उचलला नाही, आणि दुसऱ्यांना उचलू दिला नाही, याचसाठी तिला एका गावातून हाकललं होतं. तरी मेल्यावर तिला कडक करून टाकलं. मेलेलं माणूस आपल्या मापाचं करून घ्यायला लोकांना वेळ लागत नाही.

आत्या प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. लग्न केलं नव्हतं. सत्तरच्या दशकाच्या शेवटी तिची बदली भंडारा जिल्ह्यात, करडीच्या पुढच्या एका गावात झाली. गावाचं नाव लिहीत नाही, त्यातली बरीच माणसं अजून आहेत. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे धानाच्या बांध्या. एका खोलीत तिसरी-चौथी घेऊन मोठे गुरुजी बसत, दुसरीत पहिली-दुसरी घेऊन आत्या. जूनमध्ये ती तिथे रुजू झाली आणि दिवाळीला आमच्याकडे नागपूरला आली, तेव्हा जेवताना तिने बाबांना एक गोष्ट सांगितली. मी समोरच बसले होते, पण लहान मुलांना काही कळत नाही असं मोठ्यांना वाटतं.

वर्गात तिने पाढा विचारला होता. एका मुलाला येईना. फुलवंता नावाच्या मुलीला येत होता. उशिरा शाळेत घातलेली, वर्गात सगळ्यांत उंच मुलगी. आत्या तिला म्हणाली, "जा, त्याच्याजवळ जाय." म्हणजे शेजारी बस आणि त्याला सांग, एवढाच तिचा अर्थ. फुलवंता उठली, त्या मुलासमोर उभी राहिली आणि त्याच्या कानाखाली तिने सणसणीत वाजवली. मग वळून अगदी शांतपणे तिने विचारलं, "आवाज आला का, बाई?"

आत्याचा घास तसाच हातात राहिला होता. "दादा," ती बाबांना म्हणाली, "तिच्या तोंडावर राग नव्हता रे. पाटी पुसावी तसं मारलं तिनं."

मग हळूहळू तिला कळलं होतं. आधीची बाई गेल्यापासून चारी वर्ग मोठ्या गुरुजींकडेच होते, आणि त्यांची ही रीत होती. स्वतःचा हात ते दुखवून घेत नसत. ज्याला उत्तर येईल त्याने न येणाऱ्याच्या मुस्कटात द्यायची. लहान मुलं एकमेकांना हळू मारतात, शेजारच्याला तर फारच हळू. म्हणून गुरुजींनी हाताने जड अशी फुलवंता निवडली होती. तिला उत्तर येवो न येवो, ते खुर्चीतून म्हणत, "फुलवंता, दे एक." चापट हलकी पडली तर, "आवाज नाही आला. परत." वर्ग हसायचा. गुरुजी तंबाखूची गोळी गालात सरकवून हसायचे. पडवीत बसलेली गावातली माणसंसुद्धा हसायची. शाळेला शिस्त आहे, असं त्या गावाचं मत होतं.

आणि तीच मुलगी मधल्या सुट्टीत, पाण्याच्या मडक्यापाशी, सांगितल्याशिवाय मारू लागली, चावू लागली, तेव्हा तिचं नाव मारकुटी पडलं. ज्यांनी तिचा हात तयार केला, तेच डोक्याला हात लावून म्हणत, "काय पोरगी हाये बाप्पा!"

मी ते सगळं नाताळात पाहिलं. आमच्या कॉन्व्हेंटला तेव्हा सुट्टी असे आणि आत्याच्या शाळेला नसे, म्हणून ती मला घेऊन गेली. मी तिच्या वर्गात मागे, कॅनव्हासचे बूट पोटाशी घेऊन बसत असे. मुलं मला "ए नागपूरवाली" म्हणत आणि मी इंग्रजीत काहीतरी बोलावं म्हणून वाट बघत. मी बोलले नाही. आमच्याही शाळेत शिक्षा होत्या. मराठी बोलताना सापडलेल्या मुलीच्या गळ्यात पाटी अडकवत. पण ते सगळं गुपचूप, इस्त्री केल्यासारखं चाले. इथे शिक्षेचा खेळ व्हायचा, आणि भिंतीपलीकडून तो मला रोज ऐकू यायचा. आधी चापटीचा आवाज, मग हसणं. गुरुजींनी बोलावलं तरी फुलवंता आता मारायला त्यांच्या वर्गात जात नव्हती, आत्याने ते थांबवलं होतं. गुरुजींनी दुसरा मुलगा नेमला होता.

फुलवंताचं डोकं फिरलं की आत्या जे करायची, ते मी तेव्हापर्यंत कुठे पाहिलं नव्हतं, नंतरही नाही. ती फुलवंताला बाहेर काढत नसे. बाकीच्या अख्ख्या वर्गाला बाहेर काढी. "चला रे, चिंचेखाली. पाढे म्हणा." मुलं निघून गेली की ती दाराजवळ खाली बसून मुलांची बसायची फाटलेली टाटपट्टी दाभणाने शिवत राही. फुलवंताकडे बघायची नाही, बोलायची नाही. फुलवंता आधी पाट्या फेकायची, मग भिंतीला लाथा मारायची, मग नुसतीच उभी राहायची. बऱ्याच वेळाने येऊन ती टाटपट्टीचं दुसरं टोक धरायची. आत्या म्हणायची, "ओढून धर." एवढंच.

मी विचारलं होतं, तिला बाहेर का नाही काढत? आत्या म्हणाली, "तिला बाहेर काढलं तर तमाशा होतो. आपण निघालो तर बघायला कोण उरतं?"

गुरुजींना हे बिलकुल आवडत नव्हतं. एका पोरीपायी अख्खा वर्ग उन्हात, असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. पण नाताळ संपेपर्यंत फुलवंताचं चावणं थांबलं होतं. ती लहान मुलींची पाटी धरून त्यांना अक्षरं गिरवून देत होती. आपल्याच हाताकडे बघत ती ते करायची, जणू तो हात कोणाचा तरी मागून आणलाय.

मी निघायच्या दोन दिवस आधी पोलीस पाटलांच्या मुलाने एक प्रकार केला. मधल्या सुट्टीत तो तिच्यापुढे उभा राहिला आणि गुरुजींसारखा गाल फुगवून म्हणाला, "फुलवंता, दे एक!" सगळी पोरं हसली. तिने दिली. हातात पाटी होती, लाकडी चौकटीचा कोपरा त्याच्या भुवईला लागला आणि रक्त आलं.

दुसऱ्या दिवशी पडवीत गाव जमलं. मी आत खिडकीखाली बसून ऐकत होते.

"बाई, हे पोरगी हाये का वाघीण?" पाटील म्हणाले. "नाव काढा तिचं."

"तुमच्या पोरानं 'दे एक' म्हटलं, पाटील. तिनं देली," आत्या म्हणाली. "हे 'दे एक' शाळेत कोण म्हणते, ते आधी गुरुजीले विचारा."

 तिथल्या प्रत्येकाच्या मुलाने ती चापट खाल्ली होती, आणि हे प्रत्येकाला माहीत होतं.

"बाई नवीन आहेत," गुरुजी प्रेमळपणे म्हणाले. "पोरं पोरात खेळतात. आम्ही असं कधी शिकवत नाही."

"काहून खोटं बोलता, गुरुजी?"

"अजी बाई," मागून कोणीतरी म्हणालं, "पोरं धाकात राहत होते त. तुमी आल्या अन् हे झालं."

फुलवंताचा बाप आतापर्यंत खांबाला टेकून उभा होता. तो पुढे आला, त्याने तिला हाताला धरून मधे आणलं आणि सगळ्यांसमोर थोबाडीत मारली. ती पडली. "बघा," गुरुजी म्हणाले, "बाप असा पाहिजे." पाटलांचं समाधान झालं. पानाचं ताट फिरलं... त्या पानांचा वास मला आजही सहन होत नाही.

फुलवंता शाळेत राहिली, कारण आत्या पाटलांच्या दारात जाऊन म्हणाली की पोरगी माझ्या जबाबदारीवर. पण ती जबाबदारी उन्हाळ्यापर्यंतच पुरली. जूनमध्ये आत्याची बदली झाली, थेट नाकाडोंगरीच्या बाजूला, जंगलात. ती गेली आणि लगेच फुलवंताचं नाव कमी झालं. कारण दिलं होतं, सतत गैरहजर. ते ऐकून आत्या फक्त म्हणाली, "गैरहजर मी झाले." जंगलातल्या त्या शाळेत तिची बरीच वर्षं गेली. मुलं तिथेही मारामारी करत, ती तिथेही वर्ग घेऊन झाडाखाली जात असे. तिथल्या कोणी तिला कडक म्हटल्याचं मला आठवत नाही. तिथून शोकसभेला कोणी आलंही नाही. कोणी कळवलं असेल, असं वाटत नाही.

शोकसभा त्याच करडीपुढच्या गावात, त्याच पडवीत झाली. ठेवली होती मोठ्या गुरुजींनीच. ते आता निवृत्त आहेत, गावात मान आहे. आत्या तिथे जेमतेम एक वर्ष होती, पण गुरुजींना सभा घ्यायला आवडते. "बाईंनी आणि मी मिळून या शाळेला शिस्त लावली," ते म्हणाले. बाबा खाली बघत बसले.  मी उठून काही बोलले नाही, मला चारचौघांत बोलता येत नाही. म्हणून इथे लिहिते आहे.

भाषणं संपल्यावर बायकांच्या घोळक्यातून एक उंच बाई कडेवर मूल घेऊन पुढे आली. गुरुजींनी ओळखलं. "काय व फुलवंता! अजून मारतेस का नाही?" आणि ते हसले, अगदी तेच हसणं. आजूबाजूचेही हसले.

"नाही, गुरुजी," ती म्हणाली. "तुमी सांगत होते तेव्हाच मारत होती."

 गुरुजींनी इकडेतिकडे बघितलं आणि ते मोठ्याने म्हणाले, "अरे, चहा आणा, चहा!"

माणसं कपांकडे वळली. फुलवंता माझ्याजवळ आली. "तू बाईची भाची ना? मागं बसत होतीस." पडवीत उभ्या केलेल्या फळ्यावर गुरुजींनी खडूने काहीतरी लिहिलं होतं, रंगीत वेलबुट्टी काढून. ती त्याकडे बघत राहिली. "ताई, वाचून दे ना. शाळा सुटली अन् अक्षरं इसरली मी. बाईचं नाव कोणतं?"

मी बोट ठेवलं. तिने मूल खाली ठेवलं, पदराला हात पुसला आणि आत्याचं नाव बोटाने गिरवलं, एकदा, मग पुन्हा. मी फळ्याचा हलणारा कोपरा धरून उभी राहिले. "अन् पुढं काय लिवलं?" तिने विचारलं. पुढे लिहिलं होतं, कडक शिस्तीच्या आदर्श शिक्षिका. मी म्हणाले, "पुढचं खोटं आहे."

"मंग पुसून टाक," ती म्हणाली.

गुरुजी चहा पीत बघत होते. मी ओढणीच्या टोकाने पुसलं. फळ्यावर आता फक्त नाव राहिलं होतं, आणि फुलवंता ते पुन्हा गिरवत होती.