भट्टीवरची म्हातारी

आबकारी खात्यात शिपाई असताना मी एटापल्लीच्या जंगलात मोहाची भट्टी फोडायला गेलो होतो. चुलीपाशी एक म्हातारी टपटपणाऱ्या दारूखाली पळसाचा द्रोण धरून बसली होती. आम्हाला पाहून ती उठलीसुद्धा नाही.

“फोडा भाऊ, पर येवढा द्रोण भरू द्या.”

असली सोंगं मी रोजच बघायचो. मडक्यावर काठी घातली. द्रोण कलंडला, सगळी दारू राखेत गेली.

रिकामा द्रोण घेऊन ती झोपडीच्या दाराशी गेली. तिथं चटईवर तिच्या नवऱ्याचं प्रेत होतं.

“मेलेल्याच्या तोंडी पहिली धार घालतो आमी. आता याले काय देऊ?”

तिनं शिव्या घातल्या असत्या, तर मी केव्हाच विसरलो असतो. ती चुलीशी परतली, चिमूटभर ओली राख उचलली आणि त्याच्या ओठांना लावली.