डोहात जगलेल्या शिंपल्या

लातूरच्या बसस्थानकावर उतरले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. पुण्याहून निघताना माझ्या संशोधनाच्या सरांनी पाकीट हातात देत सांगितलं होतं, "पोस्टानं पाठवून भागणार नाही. तू स्वतः जाऊन सांग." माणसांशी बोलताना मी आधीच अडखळते, आणि माझं सगळं शिक्षण इंग्रजीतून. पाकिटात प्रयोगशाळेचा अहवाल होता. हिवाळ्यात मी मांजरा नदीकाठच्या एका गावातून शिंपल्या तपासायला नेल्या होत्या. पिकांवर फवारायचं विष त्यांच्या मांसात साठलेलं निघालं, नदीच्या पाण्यात होतं त्याच्या कितीतरी पट. त्या गावी मी नरसाबाई नावाच्या भोई बाईंकडे राहिले होते. त्यांची सून सुमन तेव्हा नुकतीच गरोदर होती, आणि रोज शिंपल्या खात होती.

लातूर नुकताच स्वतंत्र जिल्हा झाला होता. पाट्यांवर 'जिल्हा लातूर' असा ताजा रंग होता आणि त्याखालून जुन्या जिल्ह्याची अक्षरं अजून दिसत होती. नळापाशी घागरींची रांग होती. ज्यांच्याकडे जास्तीची घागर नव्हती त्यांनी नंबरासाठी दगड ठेवले होते.

देगलूरच्या गाडीत शेजारी उदगीरचे एक कापडवाले बसले. कपाळावर विभूती, मांडीवर शेंगांची पुडी.

"जिल्हा लई थाटात झाला बघा, ताई," ते म्हणाले. "पाणी तेवढं जुन्याच जिल्ह्यात ऱ्हायलं."

मागचे दोघंतिघं हसले. त्यांनी शेंगा पुढे केल्या. मी चार घेतल्या, आणि सांगायची वाक्यं मनात जुळवत खिडकीबाहेर पाहत राहिले. एकही वाक्य धड होत नव्हतं. बाहेर काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा होत्या.

देगलूरहून पुढच्या जीपचं चाक गावाच्या अलीकडेच पंक्चर झालं. मी पायी निघाले आणि चक्क बरं वाटलं. तेवढंच सांगणं लांबलं.

मांजरेत वाहतं पाणी नव्हतं. रुंद वाळू, आणि वळणावर एक हिरवट डोह. बायका मांडीएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायांनी तळ चाचपत होत्या. अंगठ्याला शिंपली लागली की वाकून उचलायची आणि कमरेच्या ओटीत टाकायची. त्यांच्यातल्या नरसाबाईंनी मला ओळखलं.

"आली का शिंपलीवाली! कामून गं अशी सुकलीस? पुण्यातबी दुष्काळ पडला का?"

घरी सुमन भाकऱ्या थापत होती. पोट आता चांगलं दिसत होतं. सातवा संपत आला होता. तिचा नवरा हैदराबादला बांधकामावर गेलेला. नरसाबाईंनी आदल्या दिवशीच्या शिंपल्या दाखवल्या. त्या त्यांनी रात्रभर ज्वारीच्या पिठाच्या पाण्यात ठेवल्या होत्या. पीठ खाऊन शिंपल्या पोटातली वाळू ओकून टाकतात. त्यासाठी झिऱ्याचं (वाळूत उकरलेल्या खड्ड्याचं) पाणी वापरलं होतं, ज्याची एक घागर भरायला पहाटभर बसावं लागतं.

जेवताना सुमनच्या वाटीत शिंपल्यांचं कोरड्यास (भाकरीसोबतचं कालवण) वाढलं गेलं. मला अजून सांगवत नव्हतं. मी विचारलं, "मासे नाही मिळत का?"

"मिळतेत. पर आता हिला देत न्हाई," नरसाबाई म्हणाल्या. "शिमग्याला कुणी मेल्यानं डोहात फवाऱ्याचं औषध वतलं. मासे उताणे पडले. लोकायनं टोपल्यानं नेले. शिंपल्याला मातर काही झालं न्हाई. आठ दिस तोंड मिटून बसल्या, मंग हायत तशा. जहरानं जे मरत न्हाई, ते खायाला भेव कशाचं?"

म्हणजे त्यांनी फार विचार करून, सुनेला जपण्यासाठी, नेमकं हेच निवडलं होतं.

"मावशी, शिंपली मरत नाही, पण जहर आत साठवते," मी म्हणाले. पाकिटातून अहवाल काढला. "पिठाच्या पाण्यानं वाळू जाते, ते जात नाही. शिजवूनही जात नाही. सुमननं खाऊ नये. आम्ही तपासलंय. हा कागद."

नरसाबाईंनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मंग काय घालू हिला? दूध हाय का घरात? डाळ हाय? तुपला (तुझा) कागद भाकरीसंगं खाईल का ती?"

सुमननं हळूच वाटी बाजूला सारली. नरसाबाईंनी ती स्वतःकडे ओढली आणि त्यातलं कालवण आपल्या भाकरीवर ओतलं.

"टाकून न्हाई द्यायचं. मला कुठं आता लेकरू व्हायचंय?"

"तुम्हीही नका ना," मी म्हटलं. त्या जेवत राहिल्या.

सकाळी सुमन फाट्यापर्यंत माझ्यासोबत आली. जीप दिसल्यावर म्हणाली, "बाई, आतापोत्तर खाल्ल्या, त्याचं काय?"

'काही होत नाही' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण कागदात शिंपलीत विष किती ते होतं, सुमनच्या अंगात किती ते नव्हतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले.

तिनं पदर सारखा केला. "इचारलं म्हणून आत्याला (सासूला) सांगू नका. जिवाला लावून घेईल, जेवायची न्हाई ती."

देगलूरला सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना अहवालाची प्रत आणि सुमनचं नाव दिलं. चार माणसं रांगेत असताना मी पुढे घुसून बोलले. तसं मी आयुष्यात केलं नव्हतं. त्यांनी दर आठवड्याला तिला बोलावते म्हटलं, आणि डाळीचं काय करता येईल ते बघते म्हणाल्या.

परतीच्या गाडीत उदगीरपर्यंत मी उभीच होते. शिंपली जगली, म्हणून तिला काही झालं नाही, असं नरसाबाई धरून चालल्या होत्या. सुमन भाकऱ्या थापते आहे, चालते-फिरते आहे हे बघून मीही तिच्याबद्दल तसंच मानून निघाले असते. तिनं विचारलं, म्हणून तसं मानता आलं नाही.

हे लिहिते आहे तेव्हा तिचा नववा महिना संपत आला असेल. मी दोन पत्रं टाकली आहेत. उत्तर अजून नाही.