बाईंची पाच मिनिटं

तिसरीच्या दोन तुकड्या एक केल्यापासून माझ्या नातीच्या बाईंकडे एकसष्ट मुलं होती. दुसऱ्या बाई नोकरी सोडून गेल्या, त्यांच्या जागी कोणी आलंच नाही. आमची खिडकी शाळेच्या फाटकासमोर आहे, त्यामुळे बाई येताना मला रोज दिसत. दोन्ही खांद्यांना वह्यांच्या पिशव्या, म्हणून फाटक पायाने ढकलायच्या. वय चाळिशीच्या आतलं, पण चाल माझ्यासारखी.

मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. तिथे सिस्टर आमच्याकडून रोज संध्याकाळी दिवसभरातल्या चुका लिहून घेत, स्वतःच्या. डायरीची सवय मला तेव्हापासूनची. पुढे कधीतरी स्वतःच्या चुका सापडेनाशा झाल्या आणि मी दुसऱ्यांच्या लिहू लागले. आधी यजमानांच्या. ते म्हणायचे, "माझं चरित्र लिहून झालं की सांग, खाली सही करतो." ते गेले आणि मग बाई सापडल्या.

दुपारी जेवताना नात शाळेतलं सगळं सांगे. एकदा म्हणाली, "आजी, गणित झालं की बाई पाच मिनिटं डोळे मिटून बसतात. रोज."

"आणि तुम्ही धिंगाणा घालता?"

"छे. आम्ही एकदम गप्प."

मी तारीख घालून लिहिलं, वर्गात झोपतात.

वर्ष संपताना मुख्याध्यापिकांची चिठ्ठी आली. हीच मुलं घेऊन चौथीला जायची बाईंची इच्छा आहे, पालकांनी मत कळवावं. सून म्हणाली, "आई, तुम्हीच लिहा, तुमचं अक्षर छान आहे. चांगलं लिहा हं."

डायरी चाळली, पण चांगलं काही मिळेना, कारण ते मी कधी टिपलंच नव्हतं. नातीचे पाढे पाठ झाले, ती सुट्टीच्या दिवशीही शाळेत जायचा हट्ट धरते, याची कुठे नोंद नव्हती. उशिरा येणं मात्र सात वेळा, मिनिटांसकट. न तपासलेल्या वह्या चार. झोप, रोज. सगळं खरं होतं, म्हणून मी निर्धास्तपणे पत्र पाठवलं.

आठवड्याभराने बाई दारात उभ्या. बसल्या नाहीत.

"आजी, तुमचं पत्र मला वाचायला दिलं. इतर कोणी लिहिलंच नव्हतं, त्यामुळे तेवढं एकच होतं. तारखा अगदी बरोबर आहेत. फक्त झोपत नव्हते हो मी."

"मग?"

"एकदा फळ्यासमोर मला रडू आलं. थांबेचना. दुसऱ्या दिवशी गणित झाल्यावर मुलंच म्हणाली, बाई, आता तुमची पाच मिनिटं. तेव्हापासून रोज. वर्षभर मी त्यावरच निभावलं."

"मी मुख्याध्यापिकांना भेटते. पत्र परत घेते."

"नको. काल राजीनामा दिला मी. भांडायला अंगात बळ लागतं." जाताना वळून म्हणाल्या, "नातीला रागावू नका. तिने कौतुकानेच सांगितलं असणार."

संध्याकाळी नातीने विचारलं, बाई चौथीला का नाहीत? सून म्हणाली, "दुसऱ्या छान बाई येतील." तिथे मला गप्प बसता आलं असतं. पण मी सांगितलं, "मी शाळेला लिहिलं, त्या वर्गात झोपतात म्हणून."

तिने माझ्याकडे बघितलं. "पण ते तर मी तुला सांगितलं होतं," असं म्हणाली आणि रडायला लागली.

चूक माझी आहे, तुझी नाही, असं मी तिला आजवर तीनदा सांगितलं. तिला ते पटलेलं नाही.