चिंगीचा बाप कुठं गेला

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. मला ज्यांनी घरी परत पाठवलं, त्यांना मी घर सोडून पळालोय हेच ठाऊक नव्हतं. त्यांच्याइतका सज्जन आणि त्यांच्याइतका वैताग आणणारा माणूस अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसरा नसेल.

ते माझे कळंबचे घरमालक, एसटीतले निवृत्त कंडक्टर. मी धान्याच्या आडतीवर मुनीम होतो, त्यांच्या मागच्या खोलीत एकटा राहायचो. नोकरी संपली तरी त्यांची ड्यूटी काही सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीत उभे राहून "पुढं सरका, मागं जागा हाय" म्हणायचे. आणि लिहीत होते मुलांसाठी कादंबरी! चिंगी नावाची पोर शेळी घेऊन, हरवलेल्या बापाला शोधायला एसटीनं निघते. त्यात दोन डोक्यांचा राक्षस होता, बोलणारं वांगं होतं. त्याला त्यांची हरकत नव्हती. पण खरोखर न सुटणाऱ्या बसमध्ये चिंगीला ते बसू देत नसत. प्रत्येक गाडीची वेळ स्टँडवर जाऊन विचारून यायचे. एकदा वेळापत्रक बदललं, तर लिहिलेलं प्रकरण फाडून त्यांनी पोरीला दोन तास बाकावर बसवून ठेवलं. मी म्हणालो, "साहेब, एवढी भटकली, आता तिचं वय तरी वाढवा."

"येडे का मुनीम? बारा झाली की फुल तिकीट! शेळीचं येगळंच."

रोज संध्याकाळी ते वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "बाप कुठं दडला असंल?" मी डोंगर सांगायचो, गुहा सांगायचो. आडत कधी सांगितली नाही. सास्तूरला माझी बायको आणि मुलगी होती. अपघात झाला तेव्हा मोटारसायकल मी चालवत होतो, मागं धाकटा भाऊ बसला होता. मी वाचलो, तो गेला. घरात कुणी मला एका शब्दानं बोललं नाही, आणि तेच मला सोसेना, म्हणून पळालो. कंडक्टरसाहेबांना मी लातूरकडचा म्हणून सांगितलं होतं.

अनोळखी गावात चिंगीनं चौकशी केली तर लोक काय म्हणतील, हे त्यांना मनानं लिहिता येईना. मग स्वतःच गाडीत बसून जायचे, चौकात उभे राहून म्हणायचे, "एक माणूस हरवलाय, बघितला का?" मुरुमला एका दुकानदारानं आत झोपलेला मेव्हणा उठवून पुढं केला, "ह्यो चालतो का बघा, पण परत आणू नका." ते प्रकरण त्यांनी जसंच्या तसं लिहिलं.

एका दुपारी मात्र आले ते चपला न काढताच माझ्या खाटेवर बसले. "मुनीम, आज चुकलं बघा. सास्तूरला विचारत होतो, तर आठ-नऊ वर्षांची पोर पळत आली. 'आमचे बाबा सापडले का?' म्हणती. तिचा बाप खरंच घर सोडून गेलाय हो! म्हणलं, बाई, हे पुस्तकातलं हाय. तर म्हणती, 'मग पुस्तकात तरी सापडतो का?'"

"नाव काय तिचं?"

"वैष्णवी."

माझ्या मुलीचं नाव. मी घोटभर पाणी प्यायलो. "तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगणार? म्हणलं, लिहितोय अजून." त्यांनी टोपीनं डोळे पुसले. "लेकराला उगा आस लावली. लई पाप झालं माझ्याकडून."

पाप कुणाचं होतं ते मला ठाऊक होतं. दुसऱ्या सकाळी "गावाकडं काम निघालं" एवढंच सांगून पहिल्या गाडीनं निघालो आणि धाराशिवला गाडी बदलली. वैष्णवीनं दार उघडलं. ती माझी पिशवी घेऊन आत पळाली, मी परत जाऊ नये म्हणून. ती पिशवी आठ दिवस तिच्या अंथरुणाखाली होती.

आता ती कॉलेजात जाते. कंडक्टरसाहेबांचं पुस्तक केव्हाच छापून झालं, पोरं हसत वाचतात. पण त्या दिवसानंतर ते कुठल्याच गावात चौकशीला गेले नाहीत. ऐंशी उलटली त्यांची. अजून फोन करतात, तब्येत विचारतात, आणि ठेवताना आवाज खाली आणतात, "मुनीम, त्या सास्तूरच्या पोरीचा बाप आला असंल का हो?"

"आला असेल," मी म्हणतो.

माझं घर त्यांच्यामुळं उभं आहे, आणि त्यांच्या मनावरचं ते ओझं मी अजून उतरवलेलं नाही. तो बाप आला, तो मीच, एवढं सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो.